बुडत्या कंपनीतला बोनस

दिवाळखोरीत निघालेल्या किंवा निघण्याच्या बेतात असलेल्या कंपनीतले वरिष्ठ अधिकारी सोडून जाऊ नयेत म्हणून त्यांना पगाराखेरीज जी रक्कम कबूल केली जाते, तिला रिटेन्शन बोनस म्हणतात. अट बहुधा एकच असते: अमुक तारखेपर्यंत नोकरी सोडायची नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या दिवाळखोऱ्यांमध्ये ही प्रथा चांगलीच रुळली आहे आणि तिच्यामागोमाग कर्मचाऱ्यांचा संतापही ठरलेला आहे. बोनसची बातमी फुटते त्याच आठवड्यांत दुकानांना कुलपे लागत असतात, कपातीच्या याद्या निघत असतात, पेन्शनचे हप्ते थकलेले असतात. ज्यांच्या निर्णयांनी कंपनी खड्ड्यात गेली त्यांना थांबण्याचे पैसे आणि वीस-वीस वर्षे राबलेल्यांच्या तोंडाला पाने, असा हा हिशेब खालच्या माणसाला दिसतो.

या रागाला नुसता हेवा समजणे चूक ठरेल. त्याचे मूळ दिवाळखोरीच्या कायद्यातल्या एका साध्या नियमात आहे.

अमेरिकेत कंपनी बंद न करता तिची देणी नव्याने बसवण्याची सोय दिवाळखोरी कायद्याच्या ‘चॅप्टर ११’ या प्रकरणात आहे. कंपनीने न्यायालयात अर्ज दाखल केला की त्या तारखेला तिच्या हिशेबात एक रेघ ओढली जाते. रेघेच्या अलीकडचे सगळे देणे जुने ठरते. त्याची वसुली थांबते आणि धनकोंना रांगेत उभे राहावे लागते. ज्यांच्याकडे तारण आहे ते रांगेत पुढे असतात. बाकीच्यांना डॉलरमागे काही सेंट मिळाले तरी नशीब. रेघेच्या पलीकडचा खर्च मात्र चालू व्यवहाराचा मानला जातो आणि पूर्ण चुकता केला जातो. गेल्या महिन्यात पीठ पुरवणारा रांगेत जातो, उद्या पुरवणाऱ्याला रोख मिळते. हा नियम अन्यायाचा वाटला तरी त्याच्याविना बुडत्या कंपनीशी कुणी व्यवहारच करणार नाही.

हाच नियम माणसांच्या कष्टाला लावला की मेख कळते. कामगाराचा थकलेला पगार जुन्या देण्यात जातो. कायदा त्याला रांगेत थोडी वरची जागा देतो, पण एका मर्यादेपर्यंतच: अर्जाआधीच्या १८० दिवसांतली कमाई, आणि एप्रिल २०२५ पासून माणशी जास्तीत जास्त १७,१५० डॉलर. नोकरी गेल्यावर सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळायची भरपाई बहुतेकदा मागच्या सेवेचा मोबदला धरली जाते, म्हणजे तीही पुष्कळशी रांगेतच जाते. युनियनशी झालेला मजुरीचा करारसुद्धा न्यायालयाच्या परवानगीने मोडता येतो. उलट अधिकाऱ्याचा रिटेन्शन बोनस पुढच्या सहा महिन्यांच्या सेवेसाठी असतो. तो रेघेच्या पलीकडे पडतो आणि पूर्ण मिळतो. एकाने काम आधीच करून टाकले म्हणून त्याचे पैसे बुडाले आणि दुसऱ्याने अजून करायचे आहे म्हणून त्याला आगाऊ आश्वासन मिळाले. कंपनीवर विश्वास ठेवून उधारीवर राबण्याची ही शिक्षा आहे, असे कामगाराला वाटले तर त्यात नवल नाही.

त्यात ‘चॅप्टर ११’मध्ये कंपनीचा कारभार सहसा जुन्याच व्यवस्थापनाकडे राहतो. संचालक मंडळ बोनसची योजना मंजूर करते, पगार-सल्लागार संस्था इतर बुडालेल्या कंपन्यांतल्या बोनसचे तक्ते जोडते, वकील ती न्यायालयापुढे ठेवतात. सल्लागाराच्या तक्त्यात तुलना दुसऱ्या दिवाळखोर कंपन्यांशीच असल्याने एकीकडे मंजूर झालेला आकडा दुसरीकडे आधार म्हणून दाखवला जातो आणि पातळी खाली येण्याचे कारणच उरत नाही. कागदपत्रांत कुणाला किती, हे पुष्कळदा झाकलेले असते. हरकत घेण्याचा अधिकार धनकोंच्या समितीला, युनियनला आणि ‘यूएस ट्रस्टी’ या न्याय खात्याच्या देखरेख अधिकाऱ्याला असतो.

व्यवस्थापनाची बाजू अगदीच पोकळ नाही. दिवाळखोरीत अधिकाऱ्यांकडचे कंपनीचे शेअर कवडीमोल होतात, बढतीची आशा संपते, कामाचे तास मात्र वाढतात. बाहेरच्या कंपन्या नेमक्या अशा वेळी चांगली माणसे उचलतात. हिशेब प्रमुख निघून गेला तर धनकोंना कंपनीची खरी स्थिती सांगणारा कुणी उरत नाही. मोठे धनको कित्येकदा बोनसला स्वतःहून पाठिंबा देतात तो याचसाठी: काही लाख डॉलर देऊन काही कोटींची वसुली वाचत असेल तर त्यांना सौदा स्वस्त वाटतो. मात्र या हिशेबात खालच्या कर्मचाऱ्याच्या जाण्याचा तोटा क्वचितच धरला जातो. यंत्राची खोड ओळखणारा फिटर किंवा जुन्या गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखणारी काउंटरवरची बाई गेली तर काय बुडाले, हे सल्लागाराच्या तक्त्यात दिसत नाही.

हा विषय अमेरिकेत घराघरांत पोहोचला तो एन्रॉनमुळे. महाराष्ट्राला दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे परिचित असलेल्या या ह्यूस्टनच्या कंपनीने रविवारी, २ डिसेंबर २००१ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधीच्या काही दिवसांत सुमारे ५०० निवडक लोकांना मिळून ५.५ कोटी डॉलरचे बोनस देण्यात आले होते. अट ९० दिवस थांबण्याची. अर्जाच्या दुसऱ्या दिवशी सुमारे ४,००० कर्मचाऱ्यांना काढण्यात आले. टेबलाचे खण आवरून इमारतीबाहेर पडायला अनेकांना जेमतेम अर्धा तास मिळाला. भरपाई म्हणून सुरुवातीला हाती पडले माणशी ४,५०० डॉलर. कित्येकांचा कंपनीच्या योजनेप्रमाणे होणारा हक्क याहून खूप मोठा होता आणि निवृत्तीची बचत एन्रॉनच्याच शेअरमध्ये अडकून मातीमोल झाली होती. युनियनांच्या मदतीने कर्मचारी न्यायालयात गेले आणि २००२ मध्ये तडजोड होऊन ही रक्कम जास्तीत जास्त १३,५०० डॉलरपर्यंत वाढली.

बोनस मिळालेल्यांत सगळेच वरचे साहेब नव्हते. ऊर्जेची खरेदी-विक्री करणारे दलालही त्यात होते, कारण एन्रॉनकडे विकण्याजोगा उरलेला धंदा तोच होता आणि तो चालवणारी माणसे गेली तर विकायला काहीच राहिले नसते. पुढे तो विभाग यूबीएस या स्विस बँकेने घेतला, पण आगाऊ रोख काही न देता, फक्त पुढच्या नफ्यातल्या वाट्याच्या बोलीवर. साडेपाच कोटी खर्चून काय वाचवले, हा कर्मचाऱ्यांचा प्रश्न त्यामुळे अधिकच टोचणारा झाला.

एन्रॉन आणि तिच्यासारख्या प्रकरणांचा परिणाम म्हणून २००५ मध्ये दिवाळखोरी कायदा बदलताना सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या पुढाकाराने कलम ५०३(सी) घालण्यात आले. कंपनीचे संचालक, वरिष्ठ पदाधिकारी आणि कारभारावर ताबा असलेल्या व्यक्ती यांना फक्त थांबण्यासाठी पैसे द्यायचे तर आता तीन अटी आल्या. त्या माणसाच्या हातात दुसऱ्या कंपनीची, निदान तितक्याच पगाराची, खरीखुरी ऑफर हवी. त्याच्याविना धंदा तगणार नाही हे दाखवता यायला हवे. आणि रक्कम त्याच वर्षी सामान्य कर्मचाऱ्यांना तशाच कारणासाठी दिलेल्या सरासरी रकमेच्या दहापटीहून जास्त नको. म्हणजे खालच्यांना सरासरी २,००० डॉलर दिले असतील तर साहेबाला २०,००० च्या वर नाही. खालच्यांना काहीच दिले नसेल, तर त्या अधिकाऱ्याला आदल्या वर्षी तशाच कारणासाठी मिळालेल्या रकमेच्या २५ टक्के हीच मर्यादा. काढून टाकताना द्यायच्या भरपाईलाही दहापटीची मर्यादा घातली गेली, शिवाय ती योजना सर्व पूर्णवेळ कर्मचाऱ्यांना लागू असायला हवी. नियम कागदावर इतका कडक झाला की या अटी पूर्ण करणारा अधिकारी मिळणेच दुर्मीळ.

हा बदल १७ ऑक्टोबर २००५ पासून लागू होणार होता. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या डेल्फाय या मिशिगनच्या कंपनीने ८ ऑक्टोबरला, म्हणजे नऊ दिवस आधी, अर्ज केला. अर्जाच्या तोंडावर वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या भरपाईच्या अटी गोड करून घेण्यात आल्या आणि त्याच सुमारास कामगारांची ताशी मजुरी सुमारे २७ डॉलरवरून दहा-बारा डॉलरवर आणण्याचा प्रस्ताव पुढे आला. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह मिलर यांनी पुढे स्वतःचा पगार वर्षाला एक डॉलर केला, पण तोवर व्हायचा तो बोभाटा झाला होता.

कायदा आला आणि पळवाट शोधण्याचे कामही लगेच सुरू झाले. पहिली पळवाट नावाची. कलमाची बंदी थांबण्याच्या पैशांवर आहे, कामगिरीच्या बक्षिसावर नाही. मग रिटेन्शन बोनसचा प्रोत्साहन बोनस झाला: अमुक तारखेपर्यंत पुनर्रचनेचा आराखडा सादर केला, मालमत्ता अमुक किमतीला विकली, नफा अमुक आकड्यावर ठेवला, तर इतके डॉलर. न्यायाधीशांना प्रत्येक वेळी ठरवावे लागते की उद्दिष्ट खरोखर कष्टाने गाठण्याजोगे आहे की नुसते खुर्चीवर बसून राहिले तरी आपोआप साधणारे आहे. २००६ मध्ये डाना या ओहायोतल्या वाहनभाग कंपनीची पहिली योजना न्यायाधीश बर्टन लिफ्लंड यांनी फेटाळली, कारण नाव बदलले तरी ती थांबण्याचीच बिदागी होती. सुधारलेली योजना त्यांनीच काही आठवड्यांनी मान्य केली. २०१२ मध्ये विमाने बनवणाऱ्या हॉकर बीचक्राफ्टची आठ अधिकाऱ्यांसाठीची ५३ लाख डॉलरपर्यंतची योजनाही उद्दिष्टे फार सोपी म्हणून नाकारली गेली. असे नकार वकिलांच्या चर्चेत खूप गाजतात, ते विरळा असल्यामुळेच.

होस्टेस ब्रँड्सचे प्रकरण या सगळ्यात अधिक बोचरे आहे. ट्विंकी हा अमेरिकी पोरांचा आवडता क्रीमचा केक बनवणारी ही कंपनी जानेवारी २०१२ मध्ये दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली. कामगारांच्या पेन्शन निधीत भरायचे हप्ते तिने ऑगस्ट २०११ पासूनच थांबवले होते. बेकरी कामगारांच्या करारात मजुरीतला काही भाग पेन्शनकडे वळवण्याची सोय होती. तो पैसा निधीत न जाता रोजच्या खर्चात गेला, हे २०१२ च्या अखेरीस बाहेर आले. मधल्या काळात ८ टक्के पगारकपातीचा करार लादण्यात आला, बेकरी कामगारांच्या युनियनने नोव्हेंबरमध्ये संप केला आणि आठवड्याभरात कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. नोकऱ्या होत्या १८,५००. महिना संपायच्या आत न्यायालयाने १९ अधिकाऱ्यांना सुमारे १८ लाख डॉलरपर्यंत बोनस देण्यास मंजुरी दिली. कंपनी सावरण्याची भाषा आता नव्हतीच, कारखाने आणि ब्रँड नीट विकून टाकण्याच्या कामासाठी हे पैसे होते.

१८ लाख डॉलर सगळ्या १८,५०० जणांत वाटले असते तर माणशी शंभर डॉलरही आले नसते. बोनसचे समर्थक हा हिशेब नेहमी मांडतात आणि आकड्यांपुरता तो बरोबरही आहे. पण होस्टेसच्या बेकरीत काम केलेल्याचा सवाल त्या शंभर डॉलरचा नव्हता. त्याच्या मजुरीतून कापलेला पैसा परत करायला कंपनीकडे पैसे नव्हते आणि तिला मोडीत काढणाऱ्यांना द्यायला होते, हे त्याला खुपत होते.

दुसरी पळवाट तारखेची, आणि ती पहिलीपेक्षाही सोपी. न्यायालयाची परवानगी लागते ती अर्ज केल्यानंतरच्या बोनसला. मग अर्जाच्या आधीच पैसे खात्यात टाकायचे आणि लेखी घ्यायचे की ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर ते परत करावे लागतील. करोनाच्या वर्षात याची रांगच लागली. जे. सी. पेनी या दुकानसाखळीने १५ मे २०२० रोजी अर्ज केला. त्याआधी पाच दिवस तिने मुख्याधिकारी बाईंना ४५ लाख आणि आणखी तीन अधिकाऱ्यांना दहा-दहा लाख डॉलर देण्याचे ठरवले होते. भाड्याच्या मोटारींच्या धंद्यातल्या हर्ट्झने एप्रिलमध्ये उत्तर अमेरिकेतल्या सुमारे १०,००० नोकऱ्यांवर कुऱ्हाड चालवली आणि मे महिन्यात, अर्जाच्या काही दिवस आधी, ३४० अधिकाऱ्यांना १ कोटी ६२ लाख डॉलर वाटले. चेसापीक एनर्जी या तेल-वायू कंपनीने २१ अधिकाऱ्यांना २.५ कोटी डॉलर आगाऊ दिले आणि जूनच्या अखेरीस अर्ज केला.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सप्टेंबर २०२१ च्या अहवालात २०२० या आर्थिक वर्षातल्या अशा ४२ कंपन्या नोंदवल्या. त्यांनी अर्जाच्या पाच महिने ते अवघे दोन दिवस आधी मिळून सुमारे १६.५ कोटी डॉलरचे बोनस दिले होते. कायद्यात दुरुस्ती करून हे बोनसही न्यायालयाच्या देखरेखीखाली आणावेत, अशी शिफारस कार्यालयाने केली. त्यासाठी विधेयकेही मांडली गेली, पण ती मंजूर झाली नाहीत. २००५ च्या कलमाने वरच्यांचे बोनस थांबले नाहीत, त्यांची फक्त वेळ आणि पाटी बदलली, असेच म्हणावे लागते.

कॅनडात तर २००५ च्या अमेरिकी कलमासारखी टक्क्यांची आणि पटींची चौकटही नाही, न्यायाधीश परिस्थिती पाहून ठरवतात. सिअर्स कॅनडा या दुकानसाखळीने जून २०१७ मध्ये धनकोंपासून संरक्षण मागितले, २,९०० जणांना भरपाईविना काढण्याचे जाहीर केले आणि त्याच वेळी मुख्य कचेरीतले अधिकारी व दुकानांचे व्यवस्थापक यांच्यासाठी ९२ लाख कॅनेडियन डॉलरपर्यंत बोनसची तरतूद केली. काही महिन्यांत उरलेली सगळी दुकानेही बंद झाली आणि आणखी सुमारे १२,००० नोकऱ्या गेल्या.

संतापातून काही ठोस निघाल्याची उदाहरणे थोडी आहेत. त्यातले महत्त्वाचे ‘टॉइज आर अस’चे. खेळण्यांच्या या प्रचंड दुकानसाखळीवर २००५ मध्ये केकेआर, बेन कॅपिटल आणि व्होर्नाडो या गुंतवणूक कंपन्यांनी ती विकत घेताना कर्जाचा डोंगर चढवला होता. सप्टेंबर २०१७ मध्ये तिने अर्ज केला आणि त्याआधी काही दिवस वरिष्ठ अधिकाऱ्यांना ८२ लाख डॉलर दिले. नाताळच्या तोंडावर आणखी १७ अधिकाऱ्यांसाठी दीड कोटी डॉलरच्या आसपासची प्रोत्साहन योजना न्यायालयात आली. यूएस ट्रस्टीने कडक हरकत घेतली, तरी ती मंजूर झाली. नाताळची विक्री पडली आणि मार्च २०१८ मध्ये कंपनी मोडीत निघाली. सुमारे ३३,००० लोक बेकार झाले, भरपाई शून्य. त्यात बायका पुष्कळ होत्या, वीस-तीस वर्षे काउंटरवर उभ्या राहिलेल्या. त्यांनी दिवाळखोरीच्या न्यायालयात रांगेत उभे राहण्याऐवजी गुंतवणूक कंपन्यांच्या दारात निदर्शने केली आणि त्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या सरकारी पेन्शन निधींच्या बैठकांत जाऊन विश्वस्तांना जाब विचारला. नोव्हेंबर २०१८ मध्ये केकेआर आणि बेन यांनी २ कोटी डॉलरचा मदतनिधी उभारला. कंपनीचे मुख्यालय न्यू जर्सीत होते. त्या राज्याने जानेवारी २०२० मध्ये कायदा करून मोठ्या कपातीत सेवेच्या दर वर्षामागे एका आठवड्याचा पगार देणे बंधनकारक केले. अशी सक्ती करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. प्रत्यक्ष अंमल एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाला.

भारतातली रचना वेगळी आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार स्थगित होतात आणि कारभार निराकरण व्यावसायिक या नेमलेल्या कारभाऱ्याकडे जातो. त्यामुळे साहेबांनीच स्वतःच्या थांबण्याची किंमत ठरवावी, हा प्रकार इथे सहज घडत नाही. पण माणसे थांबवण्याचा प्रश्न सुटतो असेही नाही. मुंबईच्या जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ ला थांबली. वैमानिकांचे आणि अभियंत्यांचे पगार त्याआधीच कित्येक महिने थकले होते. मे महिन्याच्या मध्यावर वित्तप्रमुख अमित अगरवाल आणि मुख्याधिकारी विनय दुबे यांनी एका पाठोपाठ राजीनामे दिले. अर्ज दाखल झाला जूनमध्ये, तोवर वरची फळी निघून गेली होती. वैमानिक इतर कंपन्यांत गेले, भाड्याची विमाने मालकांनी परत नेली. बोनसशिवाय अशीही वेळ येते, हे समर्थकांच्या बाजूने मान्य करायला हवे.

जेटच्या कर्मचाऱ्यांची लढाई बोनसविरुद्ध नव्हतीच, ती थकबाकीसाठी होती. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची थकबाकी पूर्ण द्यावी, असा आदेश अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. कंपनी पुन्हा उडवण्याची योजना मात्र फसली आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात, म्हणजे मोडीत, काढण्याचा आदेश दिला. अवसायनातला वाटपाचा क्रम संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग तारण सोडून दिलेले सुरक्षित धनको आणि त्यांच्या बरोबरीने कामगारांची मागच्या २४ महिन्यांची देणी. कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांची देणी त्यानंतर, आणि तीही फक्त १२ महिन्यांची.